दगड उताणा पडलाय

बस. मोबाइल खिशात घाल. फोटो दाखवायचे नाहीत, परवा मी प्रत्यक्ष पाहून आलोय. "सर, एकदा मुळशीला येऊन जा, तुम्हाला आवडेल," असं तूच म्हणाला होतास. आलो. भर पावसात तुझ्या त्या भिंतीपाशी तासभर उभा राहिलो. आवडलं नाही. चहा टाकलाय, पण तो येईस्तोवर मधे बोलायचं नाही. वर्गात बोलायचास तेवढं पुरे झालं.

तुझ्या भिंतीने पोट काढलंय. तारेच्या पिंजऱ्यांत दगड भरलेली, वीस मीटर लांब, दोन मीटर उंच भिंत, आणि मधोमध वीतभर पुढे आलेली. मालकाला तू काय सांगितलंस? "गॅबियन थोडं बसतंच, नॉर्मल आहे." बसतं, बरोबर. खाली बसतं. पोट काढून पुढे येत नाही. मी काठीचं टोक जाळीत घातलं, ते दगडावर टणकन वाजायला हवं होतं. चिखलात रुतलं. पिंजऱ्याच्या पोटात चिखल कुठून आला रे? पावसाने आणला म्हणशील. पावसाने नव्हे, जेसीबीच्या बकेटने आणला. दर्शनी बाजूला नीट निवडलेले दगड लावलेस, आणि मागे खाणीवरचा चुरा, खडी, मुरूम, हाताला लागेल ते ओतलंस. लग्नातल्या हारासारखं काम आहे, पुढून शेवंती आणि मागून दोरा.

दुसऱ्या वर्षाला फळ्यावर काढून दिलं होतं. षटकोनी जाळीचा डोळा 8 बाय 10 सेंटिमीटरचा. त्यात जायचा दगड 10 सेंटिमीटरच्या वरचा आणि 20-25 च्या आतला. डोळ्यापेक्षा लहान असेल तर निसटणार, फार मोठा असेल तर दोन दगडांत घागर मावेल एवढी पोकळी राहणार. दर्शनी थर हाताने रचायचा, आणि पोटातला दगडही ओतून मोकळं व्हायचं नाही, बसवायचा. एवढं करून भरलेल्या पिंजऱ्यात तिसरा हिस्सा पोकळी उरते आणि ती उरलीच पाहिजे. ती पोकळी म्हणजे भिंतीचं नाक आहे. डोंगराचं पाणी तिथून बाहेर पडतं म्हणून ही भिंत विनासिमेंट उभी राहते. तू त्या नाकात बोळे कोंबलेस.

तेवढ्यावर थांबला असतास तरी एक वेळ चाललं असतं. भिंतीच्या मागे जाऊन पाहिलं तर निळी ताडपत्री! मी क्षणभर समजलो, मजुरांनी वाळत घातली असेल. नाही. तूच लावून घेतलीस, "माती बाहेर येऊ नये म्हणून." माती अडवायची आणि पाणी सोडायचं, याला जिओटेक्स्टाइल लागतं, गाळणीसारखं कापड. ताडपत्री दोन्ही अडवते. ज्या भिंतीचा एकुलता एक मोठा गुण म्हणजे मागे पाणी साचू न देणं, तिच्या मागे तू हौद बांधलास. तोही मुळशीत. जिथे आषाढात कपडे वाळत नाहीत तिथे.

हा कागद घे. पेन माझं घे, तुझ्याकडे नसणारच. लिही. एक मीटर लांबीचा तुकडा धर. मागे दोन मीटर माती. पाणी निघून जाणाऱ्या साध्या मातीचा रेटा मीटरमागे साधारण 1.2 टन. तो लागतो तळापासून एक-तृतीयांश उंचीवर, म्हणजे 67 सेंटिमीटरवर. गुणाकार कर. 0.8. आता तुझी भिंत. जाडी किती ठेवलीस? अर्धा मीटर. उंची दोन. म्हणजे मीटरमागे एक घनमीटर, पोकळ्या वजा जाता 1.7 टन. हे वजन पुढच्या कडेपासून 25 सेंटिमीटरवर. गुणाकार? 0.425. ढकलणारा 0.8, सावरणारा 0.425. आता मला सांग, ही भिंत उभी कशावर आहे? मागच्या मुरुमाच्या चिकटपणावर. त्याच्या भलेपणावर म्हण. आणि ताडपत्रीमागे पाणी काठोकाठ भरलं तर ते एकटंच मीटरमागे दोन टनांनी रेटेल, हा आकडा त्या 1.2 च्या खाली लिही आणि जरा वेळ बघत बस.

जाडी एक मीटर ठेवली असतीस तर? वजन 3.4 टन, अंतर अर्धा मीटर. 1.7. जाडी दुप्पट केली की सावरायची ताकद चौपट होते. खालचा पिंजरा रुंद, वरचा त्याहून अरुंद, आणि सगळी भिंत डोंगराकडे सहा अंश कललेली, म्हणजे दहाला एक. एवढं केलं असतंस तर आज मी इथे तुझं कौतुक करत बसलो असतो. पण जाडीला पैसे लागतात आणि जाडी फोटोत दिसत नाही.

जाळीचं तर बोलूच नये. कुंपणाची जाळी आणलीस! चेनलिंक! तिची एक तार तुटली की स्वेटरचा धागा ओढल्यासारखी उसवत जाते. गॅबियनची जाळी दुहेरी पिळाची असते. एक तार तुटली तरी शेजारचा पीळ धरून ठेवतो, म्हणून तर ती तशी विणतात. भारतीय मानक आहे तिला, आयएस 16014. समोरची आणि मागची जाळी एकमेकींना आडव्या तारांनी बांधायची असते, दर एक-तृतीयांश उंचीवर, पिंजरा भरता भरता. तू किती बांधल्यास? मी मोजल्या. वीस मीटरमध्ये चार. पोट बाहेर येईल नाही तर काय होईल?

आणि हे कोणाच्या हातून व्हावं? तू पारनेरकडचा. रांजणखळग्यांच्या मुलखातला. कुकडीच्या पात्रात निघोजला काळ्या कातळात पाण्याने गोटे गरगर फिरवून रांजण कोरलेत, ते बघत लहान झालास. पाणी आणि दगड एकत्र आले की काय होतं हे तुला पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती. तुमच्या शिवारात डोंगरउतारावर दगडी ताली आहेत की नाहीत? कोणी घातल्या? तुझ्या आजोबांच्या पिढीने. शेतात नांगराला लागलेला एकेक धोंडा उचलून बांधावर नेला, उताराला आडवा रचला. ना सिमेंट, ना जाळी. पाणी झिरपून जातं, माती मागे राहते. पाणलोटाच्या कामात त्यालाच आपण अनघड दगडी बांध म्हणतो, आणि ओढा मोठा असेल, दगड वाहून जाईल अशी भीती असेल, तेव्हा त्याला जाळीचा अंगरखा घालतो. झाला गॅबियन बंधारा. कागदोपत्री अडाणी असलेल्या माणसांनी श्रमदानात असे बंधारे भरलेत, आणि ते पंधरा-पंधरा पावसाळे उभे आहेत. तुला मात्र गॅबियन कुठे भेटलं? फोनवर.

बरं, फोनवर तरी नीट बघायचं. कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यातली ती डॉमिनस वाइनरी तू मालकाला दाखवलीस ना? हर्झोग आणि द म्यूरॉन यांची, 1990 च्या दशकातली. तिच्या भिंतीत कुठला दगड आहे ठाऊक आहे? बेसाल्ट. आपला काळा दगड. तिथल्याच परिसरातला आणलेला. बाजेलच्या त्या दोघांनी परक्या देशात जाऊन तिथलाच दगड शोधला, कुठे दाट भरला, कुठे विरळ. कारण खोलीत ऊन किती यावं आणि दिवसा गारवा किती टिकावा हे त्यांना ठरवायचं होतं. तू अख्ख्या दख्खनच्या पठारावर उभा आहेस. पायाखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. आणि तू काय आणलंस? राजस्थानचा पिवळा वालुकाश्म आणि पांढरे संगमरवरी गोटे. ट्रक भरून.

आता खरं दुखणं काढतो. भिंत पडेल, पुन्हा बांधता येईल. दुसरी गोष्ट परत येणार नाही.

त्या प्लॉटवर आधी काय होतं? मला गेल्या उन्हाळ्यात तूच पहिले फोटो दाखवले होतेस. उतारावर अर्धे जमिनीत रुतलेले काळे धोंडे, अंगावर राखाडी-पोपटी डाग, मधल्या फटींतून करवंदीची जाळी, खाली कारवी. ते धोंडे कोणी मांडले नव्हते. कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसा तो कातळ वरून झिजत गेला आणि आतले गाभे उरले. पाऊस कुठून येतो, माती कुठे थांबते, ऊन कुठल्या अंगाने लागतं, हे सगळं त्यांच्या बसण्यात लिहिलेलं होतं. तू तीन आठवडे जेसीबी लावून "साइट क्लिअर" केलीस. ते धोंडे गेले क्रशरला. त्यांची खडी झाली. त्यातली थोडी, माझा अंदाज आहे, तुझ्याच भिंतीच्या पोटात परत आली असेल.

मग मोकळ्या केलेल्या जमिनीवर हिरवळ अंथरलीस आणि हिरवळीवर विकतचे "बोल्डर" ठेवलेस. अकरा. मी मोजले. सगळे एका रांगेत, सारख्या अंतरावर, प्रत्येकाखाली काँक्रीटचा ओटा. भाजीवाल्याने पाटीवर बटाटे मांडावेत तसे. एकही जमिनीतून उगवल्यासारखा दिसत नाही, कारण एकही जमिनीत नाही. दगडाचा तिसरा हिस्सा पुरायचा हे पहिल्या वर्षाचं वाक्य आहे. एक मीटर व्यासाचा काळा धोंडा दीड टनाच्या घरात जातो. एवढ्या वजनाचा दगड मातीवर ठेवल्यासारखा दिसला तर नजरेला तो खोटा वाटतो, थर्माकोलचा. लग्नाच्या मांडवातला.

वर त्यांना ॲसिडने धुतलंस. का? "डाग जाईनात." अरे, ते डाग म्हणजे जीव आहेत! मसाल्यात दगडफूल पडतं ना, त्याची भावंडं. वर्षाला जेमतेम एखाद-दोन मिलिमीटर सरकतात. तळहाताएवढा डाग दिसला तर त्याला तुझ्याहून मोठा समजून नमस्कार करावा. तू त्याला ब्रशने घासून काढलास आणि वर काळं पॉलिश चढवलंस. ते पावसात चमकतं म्हणे. चमकतं, खरंय. बुटासारखं.

आमच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना मी सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानात नेत असे. तुझीही बॅच नेली होती. ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली बाग. तिथे पाण्याच्या काठाला बसून प्रत्येकाने एकच दगड तासभर पाहायचा आणि तो तिथेच का, हे एका ओळीत लिहायचं, असा गृहपाठ होता. तू काय लिहिलंस ते मला अजून आठवतं. "सुंदर दिसतो म्हणून." मी दहापैकी शून्य दिला होता आणि तू प्राचार्यांकडे गेला होतास. शून्य बरोबरच होता, हे तू स्वतःच सिद्ध केलंस. पाण्याचा झोत तिथे वळतो म्हणून दगड तिथे असतो. माती तिथे सुटते म्हणून असतो. झाडाच्या मुळाला दुपारी सावली हवी म्हणून असतो. दगड कामावर असला की आपोआप देखणा दिसतो. तुझे अकरा दगड बिनकामाचे उभे आहेत, पाहुण्यांच्या स्वागताला आणलेल्या मुलांसारखे. त्यातले तीन तर निजायच्या खोलीच्या पश्चिम खिडकीखाली. वैशाखात ते दिवसभर तापतील आणि रात्री मालकाच्या उशाशी भट्टी लागेल. त्यांच्या कडेला लावलेली फर्न एप्रिल पाहणार नाही.

नाही, मी गॅबियनच्या विरोधात नाही. हे तुझं नेहमीचं, सर जुन्या वळणाचे. गॅबियन मुळात जुनंच आहे. इटालियन भाषेत त्याचा अर्थ मोठा पिंजरा. पूर्वी वेताच्या टोपल्या विणून त्यात माती भरायचे आणि तोफांच्या आडोशाला उभ्या करायचे. तारेच्या जाळीत दगड भरून नदीचा काठ सावरायचं काम इटलीत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू झालं, 1894 मध्ये बोलोन्याजवळ रेनो नदीवरच्या बंधाऱ्याच्या दुरुस्तीत. म्हणजे ही पाण्याशी झुंजायला जन्मलेली वस्तू आहे. भरावाच्या जमिनीवर, जिथे काँक्रीटची भिंत तडकेल, तिथे गॅबियन वाकतं, सावरतं, पुन्हा बसतं. तिथे जरूर बांध. पण एक लक्षात घे, जाळी ही कुबडी आहे. आमच्या कोकणात गडगा घालतात, अनघड दगडांचा, नुसता रचलेला. देवळांच्या जुन्या कामात शुष्कसांधी चिरे आहेत, दगडाला दगडाने धरलंय. ज्याला रचता येतं त्याला कुबडी कमी लागते. तुला रचता येत नाही हे पाप नाही. येत नाही हे लपवायला तू जाळी वापरलीस.

आणि पुढच्या कामाला म्हणे रत्नागिरीकडच्या सड्यावरचे "शेवाळलेले दगड" आणणार आहेस. ते आत्ताच्या आत्ता रद्द कर. जांभ्याच्या त्या सड्यांवर एक इवलीशी पाल असते, हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस, दिवसभर सुट्या दगडाखाली राहणारी. जगात बाकी कुठे नाही, तेवढ्याच पट्ट्यात. तू उचललेला प्रत्येक दगड तिचं छप्पर आहे. तिची दया येत नसेल तर तलाठ्याची भीती बाळग. दगड गौण खनिजात मोडतो. स्वामित्वधन भरलेलं नसेल, वाहतुकीचा पास नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 48 खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. मग मालक तुला फोन करेल, मला नाही.

आता शेवटची गोष्ट. ही मी चारचौघांत बोलणार नव्हतो, म्हणून तुला घरी बोलावलं.

भिंतीपाशी उभा होतो तेव्हा शेजारच्या साइटवरून एक म्हातारे गृहस्थ आले. डोक्यावर गोणपाटाची खोळ, हातात पहार. पाथरवटाचे हात ओळखायला मला वेळ लागत नाही. तुझ्या कामावर तेच होते ना? दगड उतरवायला? त्यांनी मला काय सांगितलं ते जसंच्या तसं सांगतो. "साहेब, आमी तवाच म्हनलं, ह्यो दगुड उताना पडलाय, येची बसकन वर आलीया, पालथा घ्या. तर ते सायेब म्हनले, तुमी उतरवायचं काम करा." मग त्यांनी पहारीने नस दाखवली मला. प्रत्येक दगडाची. कुठल्या अंगाने हा कातळातून सुटला, कुठलं अंग मातीत होतं, कुठलं उन्हात. अकराच्या अकरा. सात उताणे आहेत, दोन आडवे पडायचे ते उभे केलेत. पिंजऱ्याबद्दलही त्यांनी सांगितलं होतं, चुरा ओतू नका, आम्ही हाताने बसवतो, दोन दिवस जास्त द्या. दोन दिवस! किती वाचवलेस रे त्या दोन दिवसांत? त्यांची मजुरी आणि तुझं त्या भिंतीचं बिल, दोन्ही आकडे मला शेजारी शेजारी लिहून दाखव. नको, राहू दे. मलाच लाज वाटेल. माझ्या वर्गात तू पाच वर्षं बसलास, आणि दगड कळणाऱ्या माणसाला "उतरवायचं काम करा" म्हणायला तिथेच शिकलास की काय, असं मला दोन रात्री वाटतंय.

मान खाली घालू नकोस, कामाचं ऐक. आज संध्याकाळी मालकाला फोन करून खरं सांग. नॉर्मल नाही, चूक माझी आहे, असं. भिंतीच्या खाली ती मुलांची झोपाळ्याची जागा आहे, ती उद्या सकाळच्या आत दोरी लावून बंद करायची. वरच्या अंगाने उताराला आडवा चर काढून पाणी दोन्ही बाजूंनी भिंतीपासून लांब काढून दे. ताडपत्रीला हात लावू नकोस, भर पावसात भिंत उपसायला गेलास तर ती अंगावर येईल. मागच्या भरावावर ठेवलेल्या त्या सिमेंटच्या कुंड्या तेवढ्या हलव, प्रत्येक कुंडी त्या 0.8 मध्ये भर घालतेय. पाऊस संपला, माती वाळली, की दिवाळीनंतर भिंत वरून खाली, थराथराने उतरवायची. तुझ्या खर्चाने. दगड चाळून घ्यायचे, चुरा वाटेला वापरायचा. त्या अकरा दगडांचं पॉलिश काढायच्या भानगडीत पडू नकोस, उन्हापावसाला काढू दे. ते पालथे करून, पुरून, जिथे पाणी वळतं तिथे बसवायचे. कुठे, ते तू ठरवायचं नाहीस. मीही नाही.

चहा आला बघ. साखर घातलेली नाही, हवी असेल तर डबा तिथे आहे.

आणि त्या काकांचा नंबर तुझ्याकडे नसणार, मला माहीत आहे. माझ्याकडे आहे. भिंतीपाशी उभा होतो तेव्हाच घेऊन ठेवला. लिहून घे, आणि आधी त्यांचं नाव विचार.